ईसॉप आणि आरएसयूवरचा टॅक्स

कंपनी पगारासोबत जे शेअर्स देते, म्हणजे ईसॉप किंवा आरएसयू, त्यांच्यावर भारतात इन्कम टॅक्स दोन टप्प्यांत लागतो, शेअर नावावर होताना एकदा आणि विकताना एकदा. दोनदा म्हटलं की लोक चिडतात, पण एकाच पैशावर दोनदा लागत नाही, कारण पहिल्या टप्प्यात जो भाव धरून टॅक्स कापला तोच दुसऱ्या टप्प्यात खरेदीचा भाव मानतात. खरी पंचाईत वेगळीच आहे, पहिला टॅक्स भरायचा तेव्हा खिशात एक रुपयाही आलेला नसतो.

ईसॉप म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा नुसता हक्क. ग्रँट लेटर (हक्क दिल्याचं पत्र) मिळालं तेव्हा टॅक्स नाही, व्हेस्ट झालं, म्हणजे मुदत संपून हक्क वापरता येऊ लागला, तेव्हाही नाही (भारतीय कंपन्यांना या दोन्हींमध्ये किमान एक वर्षाचं अंतर ठेवावंच लागतं). तुम्ही एक्सरसाइज केलं, म्हणजे स्ट्राइक प्राइस भरून शेअर घेतले, की त्या दिवसाचा बाजारभाव वजा तुम्ही भरलेली रक्कम हा सगळा फरक पर्क्विझिट (पगाराबरोबर मिळालेला लाभ) म्हणून पगारात मिळवतात आणि तुमच्या स्लॅबने टॅक्स लागतो. आरएसयू म्हणजे ठरलेली मुदत नोकरी केली की मिळणारे शेअर, त्यात भरायचं काही नसतं त्यामुळे व्हेस्ट होऊन शेअर मिळाले की अख्खी किंमतच पगार धरतात. बाजारभाव म्हणजे नेमका कुठला, तर शेअर इथल्या एक्स्चेंजवर लिस्टेड असेल तर त्या दिवसाच्या ओपनिंग आणि क्लोजिंगची सरासरी, नसेल तर मर्चंट बँकरने काढलेलं व्हॅल्युएशन, आणि ते १८० दिवसांपर्यंत जुनं असलं तरी चालतं.

आता हिशोब बघा. १,००० ऑप्शन्स, स्ट्राइक १० रुपये, एक्सरसाइजच्या दिवशी भाव ५१०. तुम्ही भरले १०,००० आणि पगारात मिळवले ५ लाख, ३० टक्के स्लॅब अधिक ४ टक्के सेस धरला तर टॅक्स १,५६,०००. पुढे भाव घसरून ३०० वर आला आणि तुम्ही विकले तर हातात ३ लाख येणार. खरा फायदा २,९०,००० आणि त्यातले दीड लाखाच्या वर टॅक्समध्ये आधीच गेलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रति शेअर २१० रुपयांचा तोटा कागदावर दिसतो पण तो कॅपिटल लॉस, पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, फक्त पुढची ८ वर्षं दुसऱ्या कॅपिटल गेनसमोर लावता येतो आणि तेही रिटर्न वेळेत भरलं असेल तरच. शेअर पडला म्हणून आधी भरलेला टॅक्स कोणी परत देत नाही.

हा पहिला टॅक्स टीडीएस म्हणून कापायची जबाबदारी कंपनीची. बऱ्याच कंपन्या त्यासाठी थोडे शेअर लगेच विकून टाकतात, याला सेल टू कव्हर म्हणतात, म्हणून १०० आरएसयू व्हेस्ट होऊन खात्यात ६५-७० च का दिसतात हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो. अनलिस्टेड कंपनीत मात्र विकायलाच गिऱ्हाईक नसतं, तिथे टॅक्स पदरचा भरावा लागतो.

विकतानाचा टप्पा त्यामानाने सोपा. होल्डिंग शेअर अलॉट झाल्यापासून मोजायचं, ग्रँटपासून नाही. इथे लिस्टेड शेअर १२ महिन्यांहून जास्त ठेवला आणि एक्स्चेंजवर विकला तर २३ जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, १२ महिन्यांच्या आत विकला तर २० टक्के. अनलिस्टेडला २४ महिने लागतात, आणि लोक इथेच चुकतात, अमेरिकेत लिस्टेड असलेला शेअरसुद्धा आपल्या कायद्यात अनलिस्टेडच्याच रांगेत बसतो, त्यालाही २४ महिने आणि त्याआधी विकला तर नफा सरळ स्लॅबमध्ये.

परदेशी कंपनीचे शेअर असले की अजून एक काम वाढतं, रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं, एकही शेअर विकला नसला तरी. ते आर्थिक वर्षाप्रमाणे नाही तर जानेवारी ते डिसेंबर असं भरतात. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे, ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही.

स्टार्टअपवाल्यांसाठी २०२० च्या बजेटने सवलत आणली, पहिला टॅक्स पुढे ढकलायची. शेअर मिळाले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं, किंवा शेअर विकणं, किंवा नोकरी सोडणं, यातलं जे आधी होईल तोवर. ऐकायला छान आहे पण नुसती सरकारी मान्यता असून भागत नाही, स्टार्टअपच्या नफ्याला टॅक्स माफी देणाऱ्या (१९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या) कलम ८०-आयएसी चं वेगळं सर्टिफिकेट लागतं. शिवाय टॅक्सची रक्कम जुन्याच भावाने ठरते, मधे कंपनी बुडाली तरी.

हे सगळं आधी असं नव्हतं. इन्फोसिसच्या १९९४ च्या योजनेत पाच वर्षांचा लॉक-इन होता, तिथे कंपनीने टीडीएस कापायला हवा होता असं खात्याचं म्हणणं, ते सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये फेटाळलं कारण त्या वर्षांसाठी कायद्यात तशी तरतूदच नव्हती. दरम्यान २००७ ते २००९ ही दोन वर्षं ईसॉपवर फ्रिंज बेनिफिट टॅक्स (कर्मचाऱ्यांना दिलेल्या लाभांवरचा टॅक्स) कंपनीवर होता, तो रद्द झाल्यावर ओझं पुन्हा कर्मचाऱ्याच्या पगारात आलं.

शेअरच न देता वाढलेल्या भावाचा फरक रोख देतात त्या फँटम स्टॉकमध्ये दुसरा टप्पा नाही, सगळा पगार. पण ऑप्शन तसेच ठेवून वर पैसे दिले तर? फ्लिपकार्टमधून फोनपे वेगळी झाल्यावर ऑप्शनची किंमत कमी झाली म्हणून फ्लिपकार्टने ऑप्शनधारकांना भरपाई दिली, कोणी एक्सरसाइज केलेलं नसताना. २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ही भांडवली जमा आहे, पर्क्विझिट नाही असं सांगितलं आणि त्याच वर्षी मद्रास हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी ही पर्क्विझिटच आहे असं सांगितलं, तीच कंपनी आणि तीच भरपाई.