डेस्कटॉप प्रोसेसर

संगणकाला दिलेल्या सूचना वाचून त्याप्रमाणे आकडेमोड करणारी सिलिकॉनची चिप. मराठी बोलण्यात टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर) बसलेला, तळहातात सहज मावणारा हा चौकोनी तुकडा. इंटेलच्या ४००४ या चिपमध्ये (१९७१) सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर (विजेचे सूक्ष्म स्विच) होते. आता ते अब्जांनी मोजतात.

पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून संगणक जोडायचा, तर खोक्यावरचे आकडे वाचता यायला हवेत. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घ्या : ६ कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धारा), ३.५ गिगाहर्ट्‌झ, बूस्ट (गरजेपुरता वाढवलेला वेग) ४.४, एल-३ कॅश ३२ एमबी, ६५ वॅट, एएम४ सॉकेट (चिप बसवायची मदरबोर्डवरची जागा). ३.५ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ३५० कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकते हे चिपच्या रचनेवर ठरते. म्हणूनच २००६ मध्ये इंटेलच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या कोअर २ ड्युओने ३.८ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ या जुन्या चिपला मागे टाकले. नुसत्या गिगाहर्ट्‌झवर भाळणे आजही महागात पडते.

कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा गणकच. काम वाटून घेता आले तरच जास्त कोअरचा उपयोग. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ साली उभारलेला ‘परम ८०००’ महासंगणक याच तत्त्वावर, अनेक ट्रान्सप्युटर (एकमेकांशी जोडता येणारे प्रोसेसर) चिप एकत्र जुंपून चालत असे. व्हिडिओ रेंडर करताना (त्याची अंतिम फाइल बनवताना) बाराही थ्रेड राबतात. पुस्तकाची पाने लावणाऱ्या डीटीपीवाल्याला मात्र बहुधा एकेका कोअरचा वेगच कामी येतो. कॅश ही चिपमधलीच चपळ मेमरी. हवी ती माहिती तिथे नसली की रॅम या मुख्य मेमरीपर्यंतच्या हेलपाट्यात कोअरचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात.

नावाच्या शेवटी येणारे अक्षर सर्वांत नीट पाहावे. ५६०० मध्ये ग्राफिक्स (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) नाही, ५६००जी मध्ये आहे, पण त्याची एल-३ कॅश निम्मी, १६ एमबी. इंटेलच्या १२४००एफ मध्येही ग्राफिक्स नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता अशी चिप आणली, तर सगळी जोडणी बिनचूक होऊनही पडदा काळाच राहतो.

वॅटचा आकडा मुख्यतः चिप थंड ठेवणाऱ्या कूलरसाठी असतो : किती उष्णता बाहेर काढायची याचा अंदाज. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी टर्बोत (गरजेला वेग वाढवल्यावर) तो ११७ वॅटपर्यंत जातो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कूलर आत ओढतो ती हवाच तापलेली असते. वाळलेली थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) आणि पंख्यात साचलेली धूळ अशा वेळी लगेच जाणवते. चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते.

एएम४ चिपच्या पोटाला केसासारख्या बारीक १,३३१ पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळला, की चिप जोर न लावता आपल्या वजनाने खाली बसते. बसत नसेल तर दाबू नये, उचलून पिना पाहाव्यात. २०२२ च्या एएम५ मध्ये पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये गेल्या आणि चिपखाली सपाट ठिपके उरले. त्यामुळे जुनी एएम४ चिप त्या बोर्डावर चालत नाही.