बारा व्होल्टला कोणतंही बटन चालतं असं नाही

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर रात्री जाळी टाकणाऱ्या डोंग्यांवर आता बॅटरी-लाइट आले, आणि सोबत एक समजही: "बाराच व्होल्ट आहे ना बाप्पा, घरचं बटन लावा!"

शॉक बसत नाही, हे खरं. पण १२० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. १२ व्होल्टवर तोच १० अँपिअर. घरचं बटन असतं ६ अँपिअरचं. शिवाय घरचा एसी (दिशा बदलत राहणारा) करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटन बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा डीसी (एकाच दिशेचा) करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी रेंगाळते, बटनातली पत्ती जळते, कधी चिकटूनच बसते.

म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं चुंबकी बटन. हाताच्या बटनातून फक्त कॉइलपुरता (रिलेतल्या तारेच्या गुंडाळीपुरता), साधारण पाव अँपिअरहून कमी करंट जातो (८५, ८६ नंबरच्या पिना). दिव्याचा भार ३० आणि ८७ मधून. रिलेनं उजेड वाढतो म्हणणारेही आहेत. रिले करंट तयार करत नाही. वाढलेला दिसतो तो जाड, आखूड वायरमुळे.

आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच लावा, दिव्याजवळ नाही. मधली वायर घासून शॉर्ट झाली तर दिव्याजवळचा फ्यूज काय वाचवणार?