वसईच्या किल्ल्यात श्रमदानाला जाण्याआधी

हातमोजे आणि विळा घेऊन वसईच्या किल्ल्यात पहिल्यांदा श्रमदानाला येणारी मुलं बहुतेक चिमाजीअप्पांचं नाव मनात धरून आलेली असतात. ते योग्यच आहे. पण हातातला झाडू ज्या फरशीवर फिरतो ती फरशी त्याहून दोनशे वर्षांची जुनी गोष्ट सांगते, आणि ती ऐकल्याशिवाय हे काम नीट होत नाही असं मला मनापासून वाटतं.

हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे हे त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं झालं. तटाच्या आत अख्खं शहर वसलं: फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा एकेका पंथाचं चर्च आणि मठ, घरं, बाजार. गोव्याच्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाला लागलेला काळा दगड इथून गेला. जपानमध्ये १५९७ साली क्रुसावर गेलेले आणि पुढे संत ठरलेले गोन्सालो गार्सिया इथलेच, वसईकर.

मग मराठ्यांची मोहीम. चिमाजीअप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग पेरले, सॅन सेबॅस्टियन बुरूज फोडला आणि मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. शरण आलेल्यांना चीजवस्तू नि बायकामुलांसह जाऊ दिलं, हे मला या विजयाइतकंच मोलाचं वाटतं. चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आजही वाचता येतं. इंग्रजांनी १७८० मध्ये किल्ला जिंकला, सालबाईच्या तहाने परत केला. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला १८०२ चा तहही वसईचाच. इंग्रजी अमदानीत शहर ओस पडलं, लाकडी छपरं गेली, भिंतींत वड-पिंपळ रुजले.

आज हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे परवानगीशिवाय इथला दगडही हलवायचा नाही. भिंतीतला पिंपळ दिसला की हात शिवशिवतात, पण तो ओढून काढू नका. मूळ सांध्यात शिरलेलं असतं. रोप ओढलं तर त्याच्याबरोबर दगडही निखळतो. खात्याच्या माणसाला दाखवा.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. पावसाळ्यानंतर त्यांच्यावर माती आणि शेवाळ बसतं. तिथे फक्त पाणी आणि मऊ ब्रश चालतो. तारेचा ब्रश किंवा आम्ल लावलं तर अक्षरंच जातात. हळूहळू घासत गेलं की कोरलेल्या रेषा वर येतात, आधी एखादं अक्षर, मग ‘सेपुल्तुरा’ हा शब्द, म्हणजे थडगं, आणि त्याच्या पुढे कुणाचं तरी नाव. हे लोक लढाईच्या कितीतरी आधी इथे जगले, इथेच मेले. त्या शिळेवर पाय देऊन उभं राहू नका, बाजूला बसून काम करा.