शास्त्राधारित उपदेश

बायबलमधील एक सलग पाठ घेऊन त्याचा संदर्भासह अर्थ मंडळीपुढे उलगडण्याची पद्धत. येथे उपदेशक आधी विषय ठरवून त्याला वचने चिकटवत नाही. पाठ जे म्हणतो तोच उपदेशाचा विषय. जुन्या करारातील नहेम्या या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात याचे जुने रूप दिसते: नियमशास्त्र मोठ्याने वाचले गेले आणि लोकांना समजावे म्हणून अर्थही सांगितला गेला.

तयारी सोमवारीच सुरू करावी. पाठ आणि त्याच्या मागचे-पुढचे अध्याय टीका-भाष्य न उघडता अनेकदा वाचावेत. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ हे जोडशब्द आणि पुन्हा पुन्हा येणारी क्रियापदे वहीत उतरवावीत. बायबल सोसायटीच्या भाषांतराशेजारी पंडिता रमाबाईंचे भाषांतर ठेवले, की कोठे थांबून विचार करायचा ते कळते. मग पाठाचे म्हणणे एका वाक्यात लिहावे. ते जमत नसेल, तर पाठ अजून समजलेला नाही, भाष्यग्रंथ त्यानंतरच.

योहान १५:१-११ घ्या. येथे येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फांद्या म्हणतो, आणि पिता त्या फांद्या छाटतो. तासगावच्या द्राक्षबागा जवळ असल्याने छाटणी सांगली-कोल्हापूरकडच्या श्रोत्याला वेगळी समजावून द्यावी लागत नाही, आणि नेमका तिथेच उपदेश घसरतो. एप्रिल-ऑक्टोबरच्या छाटण्यांत वीस मिनिटे जातात. ४ ते १० या वचनांत सतत येणारे, येशूमध्ये ‘राहणे’ मात्र मागे पडते. पाठाचा कणा ते क्रियापद आहे.

सर्वांत जास्त नुकसान सुटे वचन उचलल्याने होते. फिलिप्पै ४:१३ (‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ अशा अर्थाचे वचन) परीक्षेच्या किंवा धंद्याच्या यशाची हमी म्हणून सांगितले जाते. त्याआधीच्या दोन वचनांत पत्राचा लेखक प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो, की विपुलतेत आणि टंचाईतही तृप्त राहायला तो शिकला आहे. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, असे सांगणाऱ्या यिर्मया २९:११ चेही तेच: त्याआधीचे १०वे वचन बाबेलमधल्या ७० वर्षांच्या बंदिवासाबद्दल बोलते. अशा उपदेशाने आशा बांधून घेतलेला विश्वासणारा संकट आले की वचनावरच शंका घेतो. ही जबाबदारी उपदेशकाची आहे.

नवख्याने एकच छोटे पुस्तक क्रमाने घ्यावे. फिलिप्पैकरांस पत्रात ४ अध्याय, १०४ वचने आहेत. दर रविवारी आठ-दहा वचने घेतली तर ते सुमारे तीन महिन्यांत पुरे होते. क्रमाने गेल्यास अवघड वचने टाळता येत नाहीत, आणि उपदेशक खरा वाढतो तो तिथेच.