दिग्दर्शकाचे पुरस्कार (मराठी सिनेमा आणि मालिका)

सिनेमा किंवा मालिका बनवणारा जो माणूस, म्हणजे सेटवर ज्याला सगळे 'सर' म्हणतात (किंवा 'मॅडम', पण ते अजून कमीच), त्याला त्याच्या कामासाठी मिळणारे सन्मान म्हणजे दिग्दर्शकाचे पुरस्कार. ऐकायला सोप्पं आहे पण तसं नाहीये, कारण सिनेमाला मिळालेला पुरस्कार दिग्दर्शकाचा धरायचा का, त्याच्याच सिनेमातल्या मेकअपला किंवा गाण्याला मिळाला तर तो कुणाच्या खात्यात टाकायचा, आणि रोज एपिसोड काढणाऱ्या मालिकेच्या दिग्दर्शकाचं काय, हे सगळं त्यात येतं.

यासाठी ठाणे जिल्ह्यातलं चांगलं उदाहरण म्हणजे डोंबिवलीचे रवी जाधव. जाहिरात क्षेत्रातून आलेला माणूस, पहिलाच सिनेमा 'नटरंग', आणि त्याला 57व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान. आता गंमत बघा, 57वे पुरस्कार 2009 सालचे आणि 'नटरंग' थिएटरला लागला 1 जानेवारी 2010 ला. चूक नाहीये ती. राष्ट्रीय पुरस्काराला सिनेमा कधी रिलीज झाला ते बघत नाहीत, सेन्सॉरचं सर्टिफिकेट कोणत्या वर्षातलं आहे ते बघतात, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. म्हणून 'हा तर मागच्या वर्षीचा पिक्चर ना?' असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. त्यात निकाल पण आरामात लागतात, 2023 चे म्हणजे 71वे पुरस्कार जाहीर झाले ऑगस्ट 2025 मध्ये.

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट या विभागात रजत कमळ (चांदीचं पदक) निर्माता आणि दिग्दर्शक दोघांनाही मिळतं, म्हणजे तो पुरस्कार रवी जाधवांचा म्हणायला हरकत नाही. पण पुढचा 'बालगंधर्व' घ्या. 59व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला तीन पुरस्कार, गायनासाठी आनंद भाटे, मेकअपसाठी विक्रम गायकवाड, वेशभूषेसाठी नीता लुल्ला, आणि दिग्दर्शकाच्या नावावर त्यातला एकही नाही! आता ते गाणं पडद्यावर कसं दिसणार, तो शालू कुठल्या उजेडात दिसणार हे ठरवणारा माणूस कोण होता? तरी यादीत त्याचं नाव नसतं, नियमच तसा आहे. नंतर 'मित्रा' या शॉर्टफिल्मला 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथात्मक लघुपटाचा पुरस्कार मिळाला, तो मात्र परत निर्माता-दिग्दर्शक दोघांचा.

मिळता मिळता राहिलेला मान पण या नोंदीत यायला हवा. 2017 च्या गोव्याच्या इफ्फीत (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागाच्या ज्युरीने जाधवांचा 'न्यूड' ओपनिंग फिल्म म्हणून निवडला होता, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून काढून टाकला, सोबत मल्याळम 'एस दुर्गा' पण. ज्युरीचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. ट्रॉफी वगैरे काही नाही, पण मराठी सिनेमावर इतकी चर्चा बऱ्याच वर्षांत झाली नव्हती, माझ्या मते ती पण एक प्रकारची दखलच.

थेट 'सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन' असा राष्ट्रीय पुरस्कार वेगळा असतो, तो स्वर्ण कमळवाला (सोन्याचं पदक). 1967 सालापासून आहे आणि पहिला सत्यजित राय यांना मिळाला. मराठी सिनेमासाठी तो अलीकडे शिवाजी लोटन पाटील ('धग'), राजेश मापुस्कर ('व्हेंटिलेटर') आणि निखिल महाजन ('गोदावरी') यांनी घेतला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची यादी जास्त लोकांना पाठ असते, 'श्यामची आई', मग थेट पन्नासेक वर्षांनी 'श्वास', मग 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. पदार्पणाचा पण एक आहे, 'फँड्री'साठी नागराज मंजुळेंना मिळालेला तोच, 71व्या पुरस्कारांत 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडेंना. पैशाचं म्हणाल तर 70व्या पुरस्कारांपासून स्वर्ण कमळाला 3 लाख आणि रजत कमळाला 2 लाख, म्हणजे ठाण्यातल्या घोडबंदर रोडला फ्लॅटचं टोकन होईल फार तर.

मालिकेचा दिग्दर्शक

आता घोडबंदर रोडचा विषय निघालाच आहे तर. तिथल्या आतल्या गल्ल्यांमधल्या बंगल्यांत आणि स्टुडिओत कितीतरी मराठी मालिकांचं शूटिंग चालतं, सकाळचा कॉल टाइम गाठायला आर्टिस्ट त्याच ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात ज्यात आपण अडकतो. इथला दिग्दर्शक दिवसभरात ढीगभर सीन उडवतो, एपिसोडची बँक (आधी शूट करून ठेवलेले एपिसोड) संपली की रात्री पण युनिट लावतो, आणि गुरुवारी टीआरपी आला की तोच त्याचा निकाल. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत टीव्ही मालिकेला जागाच नाही. चॅनलच्या स्वतःच्या सोहळ्यात सगळा झगमगाट असतो तो नायक, नायिका, खलनायिका, सासू, लाडकी जोडी यांचा, बरेच विभाग प्रेक्षकांच्या मतांवर, आणि घरी बसून कुणी दिग्दर्शकाला मत देत नाही हो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'तले आबा सगळ्यांना आठवतात, पण दिग्दर्शक केदार शिंदे होते हे किती जणांना पटकन आठवेल?

खरं तर यातल्या बऱ्याच जणांचं पहिलं बक्षीस एकांकिकेचं असतं. कॉलेजात असताना स्पर्धा मारायच्या, मग 25 जानेवारीच्या रात्री चतुरंग संस्थेच्या 'सवाई' एकांकिका स्पर्धेला उभं राहायचं, जिथे वर्षभरातल्या पहिल्या आलेल्या एकांकिकाच एकमेकींसमोर येतात. तिथे दिग्दर्शनाचं बक्षीस म्हणजे पुढे सेटवर असिस्टंट म्हणून शिरायला पुरेशी ओळख.

गावातला मान वेगळा. ठाणे महापालिका 1 ऑक्टोबरच्या वर्धापन दिनाच्या निमित्ताने ठाणे भूषण, ठाणे गौरव, ठाणे गुणीजन असे पुरस्कार देते. जनकवी पी. सावळाराम, जे स्वतः ठाण्याचे नगराध्यक्ष होते, त्यांच्या नावाचा पुरस्कार आणि सोबतचा गंगा-जमुना पुरस्कार पण इथलाच, 'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का'वरून नाव पडलेला. अशा वेळी हॉलमध्ये शेजारी, शाळेतल्या बाई, जुने नाटकवाले सगळे बसलेले असतात, त्यामुळे भाषण दिल्लीपेक्षा इथेच जास्त अडखळतं असं म्हणतात.

मालिकेसारख्या एपिसोडवाल्या कामाला सरकारी दखल मिळाली ती ओटीटीमुळे. इफ्फीने 2023 पासून वेब सिरीजचा पुरस्कार सुरू केला, पहिला 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला, आणि 2024 चा मराठी 'लंपन'ला, दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. त्याच वर्षी पदार्पणातल्या भारतीय दिग्दर्शकाचा पुरस्कार पण मराठीतच आला, 'घरत गणपती'साठी नवज्योत बांदिवडेकर यांना. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागणारी मालिका मात्र त्यात बसत नाही, कारण अट ओटीटीसाठी बनवलेल्या सिरीजची आहे.