आग आधी की शॉर्टसर्किट आधी?

‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ आगीच्या बातमीचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. बंब अजून जागेवर असतात, ढिगाऱ्यातून धूर निघत असतो आणि कारण मात्र ठरूनही गेलेलं असतं. त्या ‘प्राथमिक’ अंदाजाचं पुढे काय झालं, हे दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. मला हे वाक्य फार खटकतं. ते खात्रीने लिहायचं तर आधी काय काय तपासावं लागतं, हे एकदा समजलं की ते इतक्या झटपट लिहायला हात धजत नाही.

आगीतून काढलेली तांब्याची तार हातात घेतली आहे असं समजा. टोकाशी मोहरीएवढा, गुळगुळीत, चकचकीत मणी आहे आणि त्याच्या लगेच मागे तार जशीच्या तशी आहे, कारखान्यात तार ओढून बनवतानाच्या खुणाही दिसतात. वितळलेला भाग कुठे संपला आणि शाबूत भाग कुठे सुरू झाला, ती सीमा नखाने दाखवता येते. ही ठिणगीची खूण. ठिणगीचं तापमान हजारो अंशांत जातं, पण क्षणभर आणि एकाच ठिकाणी. दुसरी तार लांबलचक पातळ झालेली, मध्येच लोंबलेली, गाठी गाठी आलेली. ही आगीच्या धगीने हळूहळू वितळलेली असण्याची शक्यता जास्त. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं. घरातली आग तिथवर क्वचित पोचते. पण वितळलेलं ॲल्युमिनियम तांब्यावर ठिबकलं की दोन धातूंचं मिश्रण होऊन तांबं बऱ्याच कमी तापमानातही वितळतं. वरून ॲल्युमिनियमची पट्टी ठिबकली नव्हती ना, हेही त्यामुळे पाहावं लागतं.

समजा, मणी पक्का ठिणगीचाच निघाला. म्हणजे शॉर्टसर्किटने आग लागली? नाही. खरी मेख इथे आहे. आग दुसऱ्याच कशाने लागली, ती पसरत तारेपर्यंत आली, वरचं प्लास्टिकचं आवरण जळालं, दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या आणि ठिणगी उडाली, तरी तोच मणी तयार होतो. मणी एवढंच सांगतो की तो क्षण आला तेव्हा तारेत वीज होती. ठिणगीने आग लावली की आगीने ठिणगी पाडली, हे नुसता मणी बघून सांगता येत नाही. मण्याच्या अंतरंगातल्या स्फटिकरचनेवरून हा फरक ओळखता येईल का, यावर बरंच संशोधन झालं आहे, पण सगळ्यांना मान्य अशी कसोटी त्यातून निघालेली नाही.

शिवाय विजेमुळे लागणाऱ्या कितीतरी आगी शब्दशः शॉर्टसर्किटच्या नसतातच. सॉकेटमधला स्क्रू सैल झालेला असतो. गीझर किंवा एसी चालू केला की त्या सैल जोडापाशी उष्णता साठत जाते, जोड लालबुंद होतो, आजूबाजूचं प्लास्टिक करपतं. प्रवाह नेहमीएवढाच असतो, त्यामुळे एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज आपोआप तोडणारा बोर्डावरचा स्विच, पडत नाही. अशा आगीत दोन तारांमधला मणी शोधत बसण्यात अर्थ नसतो. सॉकेटची पितळी पट्टी, तिच्यावरचे खड्डे आणि वितळलेला स्क्रू, हे पुरावे.

आपल्याकडे आग लागली की पोलीस ठाण्यात ‘अकस्मात जळीत’ म्हणून नोंद होते, पंच बोलावून जागेचा पंचनामा होतो. अग्निशमन दल आपला अहवाल देतं. विजेचा संशय असेल तर विद्युत निरीक्षक येतात, विमा असेल तर कंपनीचा सर्व्हेअर. नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुंबईतली कलिन्याची प्रयोगशाळा त्यातली सगळ्यात परिचित. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. पोलिसांना गुन्हा घडला का हे हवं असतं, सर्व्हेअरला नुकसान किती आणि ते विम्यात बसतं का हे. आग नेमकी कुठून सुरू झाली, हा मूळ प्रश्न या गर्दीत मागे पडण्याची भीती असते, कारण तो सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तोवर जागाही बदललेली असते. आग विझवताना जवानांना दारं फोडावी लागतात, छत पाडावं लागतं, पाण्याचा मारा करावा लागतो. मग कूलिंगचं काम, म्हणजे आतली धग शोधून विझवण्यासाठी ढिगारा उपसणं. हे सगळं करावंच लागतं, त्यात कुणाची चूक नाही. म्हणूनच आत शिरलेल्या पहिल्या जवानाला काय दिसलं याला फार किंमत असते. कोणत्या खिडकीतून ज्वाळा येत होत्या, दार आतून बंद होतं की उघडं, हे त्याच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्यायला हवं.

तपासाची चाल कमी जळालेल्या भागाकडून जास्त जळालेल्या भागाकडे असते. घरात रोज समई लागत असेल तर तिच्यामागची भिंत बघा. काजळीचा पट्टा खाली चिंचोळा आणि वर रुंद झालेला दिसेल. गरम वायू वर चढताना बाजूची हवा ओढून घेतात आणि फैलावत जातात. मोठ्या आगीतही भिंतीवर असाच खाली निमुळता आकार उमटतो आणि त्याचं टोक जिथे काहीतरी जोरात पेटलं त्या जागेकडे बोट दाखवतं. ढिगारा थराथराने काढतात. वर छताचा गिलावा, त्याखाली पंख्याची पाती, त्याखाली कपाटाचा पत्रा. तळाशी फरशीवर एक स्वच्छ गोल सापडला, तर तिथे आग पसरली तेव्हा डबा किंवा पिंप उभं होतं. त्या गोलाच्या कडा किती स्वच्छ आहेत यावरून ते आधी हलवलं होतं का, हेही कळू शकतं.

पण या खुणा वाचण्यात माणसं किती भयानक चुकू शकतात, हे अमेरिकेतल्या एका घराने दाखवलं. ऑक्टोबर १९९० मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात लाइम स्ट्रीटवरचं एक घर जळालं आणि सहा जण गेले. घरातला माणूस आणि त्याचा लहान मुलगा वाचले. मुलगा खेळत असताना त्याच्या हातून सोफा पेटला, असं तो माणूस सांगत होता. पण जमिनीवर वेडेवाकडे, खोल जळालेले पट्टे होते, जणू कुणी पेट्रोल ओतत गेलं होतं. त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. सरकारी पक्षाने जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान या तज्ज्ञांना बोलावलं. सुदैवाने शेजारचं जवळपास तसंच घर पाडायला काढलेलं होतं. त्यांनी त्यात तसाच गालिचा, तसाच सोफा मांडला आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता नुसता सोफा पेटवला.

साडेचार मिनिटांच्या आसपास सगळी खोली एकदम पेटली. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. छताखाली साचलेला गरम वायूंचा थर सहाशे अंशांच्या घरात पोचतो आणि खाली इतकी उष्णता फेकतो की फरशीच्या दर चौरस मीटरवर साधारण २० किलोवॅट पडतात. भर दुपारचं ऊन एक किलोवॅट धरलं, तर त्याच्या वीसपट. ज्वाळेचा स्पर्शही न होता गालिचा, कागद, कपडे, लाकूड असं सगळं जवळपास एकाच वेळी पेट घेतं. मग हवा जिथून आत येते तिथे, म्हणजे दारापाशी आणि खिडकीखाली, आग सगळ्यात तीव्र होते. प्रयोगाच्या घरातही फरशीवर तेच ‘पेट्रोल ओतल्याचे’ पट्टे उमटले. आरोपाला दुजोरा मिळावा म्हणून केलेल्या प्रयोगाने आरोपच मोडून काढला आणि खटला मागे घेतला गेला.

पण हे ज्ञान सगळीकडे वेळेवर पोचलं नाही. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सासमधल्या कोर्सिकाना गावी एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. फरशीवरचे पट्टे आणि जाळीसारखी तडकलेली काच यांवरून वडिलांनीच, कॅमेरन टॉड विलिंगहॅम यांनी, आग लावली असं ठरलं. बारीक जाळीसारखी तडकलेली काच म्हणजे पेट्रोलची झपाट्याने वाढलेली आग, ही तेव्हाची समजूत. पुढे चाचण्यांत दिसलं की तापलेल्या काचेवर पाणी पडलं की ती तशी तडकते. म्हणजे तो पुरावा बंबाच्या पाण्यानेही तयार होऊ शकतो. १७ फेब्रुवारी २००४ रोजी विलिंगहॅम यांना मृत्युदंड दिला गेला. २००९ मध्ये टेक्सासच्या न्यायसहायक विज्ञान आयोगासाठी आगीचे तज्ज्ञ क्रेग बायलर यांनी अहवाल लिहिला, की आग मुद्दाम लावल्याचा निष्कर्ष विज्ञानाच्या आधारावर टिकत नाही. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.

२००५ मध्ये लास व्हेगासजवळ आणखी एक चाचणी झाली. दोन खोल्या पेटवून फ्लॅशओव्हरनंतर जेमतेम दोन मिनिटं जळू दिल्या. मग ५३ तपासनिसांना विचारलं, खोलीच्या कोणत्या चतकोरात आग सुरू झाली? प्रत्येक खोलीबद्दल बरोबर उत्तर देणारे फक्त तीन. डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती तरी तेराजण बरोबर आले असते.

याचा अर्थ लावलेली आग ओळखता येत नाही असा नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा बातम्या येत राहिल्या आणि त्यातल्या किती खरोखर अपघात होत्या, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत असा संशयास्पद मृत्यू झाला तर चौकशी आणि शवविच्छेदन कायद्याने सक्तीचं झालं, ते याच अनुभवातून. इथे खुणा बोलतात. भडका उडाला म्हणतात तर स्टोव्हची टाकी फुटली आहे का, बर्नर जागेवर आहे का, किल्ली उघडी की बंद? स्वयंपाक करताना पदर पेटला असेल तर सहसा पुढचा भाग आधी भाजतो. मग रॉकेल डोक्याच्या केसांत, मानेवर, पाठीवर कसं? श्वासनलिकेत काजळी असेल तर आग लागली तेव्हा ती बाई श्वास घेत होती. काजळी नसेल तर आगीआधीच काही घडलं का, हे शोधावंच लागतं.

रॉकेल होतं की पेट्रोल, हे प्रयोगशाळा सांगते, पण नमुना नीट गोळा केला असेल तरच. तो हवाबंद पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत घ्यायचा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून पेट्रोलची वाफ हळूहळू निसटते. त्याच सतरंजीचा न जळालेला तुकडाही वेगळ्या डब्यात घ्यायचा, कारण फोम आणि गालिचा जळतानाही पेट्रोलमध्ये असतात तशी काही रसायनं सुटतात. प्रयोगशाळेत डबा गरम करून वरची वाफ कोळशाच्या पट्टीवर शोषून घेतात, मग गॅस क्रोमॅटोग्राफ तिचे घटक एकेक करून वेगळे करतो. तरीही पदार्थ कुठे सापडला, हे त्याच्या नावाइतकंच महत्त्वाचं. विलिंगहॅम प्रकरणात ज्वलनशील द्रवाचा अंश पुढच्या दारापाशी आढळला होता, आणि तिथल्या ओट्यावर कोळशाची शेगडी होती, ती पेटवायचा द्रवही होता.

आगीच्या तपासासाठी अमेरिकेत १९९२ पासून ‘एनएफपीए ९२१’ ही मार्गदर्शिका निघते. तिच्या २०११ च्या आवृत्तीने एक जुनी पद्धत स्पष्ट शब्दांत नाकारली: बाकी काही सापडलं नाही, म्हणून अमुकच कारण असणार. कारण सिद्ध करणारा पुरावा नसेल तर अहवालात ‘अनिश्चित’ लिहायचं. आपल्याकडचं कितीतरी ‘शॉर्टसर्किट’ याच वाटेने आलेलं असतं. गॅस सिलिंडर शाबूत, कुणी विडी ओढत नव्हतं, देवापुढचा दिवा विझलेला, मग राहिली वीज. आणि विजेवर ढकललं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

म्हणून ओळखीच्या कुणाकडे आग लागली तर पंचनामा होईपर्यंत झाडलोट करू नका. वायरींचे तुकडे भंगारात देऊ नका. बोर्डावरचा कोणता एमसीबी पडलेला आहे आणि कोणता वर आहे, याचा फोटो हात लावायच्या आधी काढा. आणि मेन स्विच खाली दिसला, तर तो आपोआप पडला की घाबरून कुणी खाली केला, केला तर कुणी आणि कधी, हे त्याच संध्याकाळी विचारून लिहून ठेवा. आठवडाभराने प्रत्येकाला वेगळं आठवतं.