'डिप्लोमसी'तला कॉन्व्हॉय: एका नियमाची पार्श्वभूमी

१९५७ साली फ्रान्समध्ये आलेल्या 'रिस्क' या युद्धखेळाच्या पटावर पाणी म्हणजे नुसती रेघ. अलास्काहून कामचाट्काला सैन्य न्यायला जहाज लागत नाही. दोनच वर्षांनी अमेरिकेत 'डिप्लोमसी' आला आणि पाणी ओलांडायला आरमार लागू लागलं.

अॅलन कॅलहॅमर यांनी हा खेळ हार्वर्डमध्ये शिकत असताना रचला आणि १९५९ मध्ये स्वखर्चाने ५०० प्रती काढल्या. पटावर १९०१ चा युरोप. आरमार खुल्या समुद्रात असेल तरच ते सैन्याला एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेतं; यालाच कॉन्व्हॉय म्हणतात. किनाऱ्याला लागलेलं आरमार नेत नाही. इंग्लंडची ठरलेली सुरुवात बघा: वसंतात लंडनचं आरमार उत्तर समुद्रात, लिव्हरपूलचं सैन्य यॉर्कशरला, शरदात तेच आरमार ते सैन्य नॉर्वेत उतरवतं. आरमारांची साखळी लागली तर इटलीचं सैन्य ट्युनिसहून एका चालीत सीरियात पोचतं.

या नियमाचा जीव मात्र दुसरीकडे आहे. साखळीतलं आरमार परक्या देशाचंही चालतं. आपल्या चालींच्या ऑर्डर प्रत्येकजण गुपचूप लिहितो आणि सगळ्या एकदम उघडतात. मित्र तोंडाने 'नेतो' म्हणाला आणि कागदावर भलतंच लिहिलं, तर सैन्य किनाऱ्यावरच अडकतं. माझ्या मते युद्धखेळांमध्ये समुद्राचा इतका अस्सल उपयोग क्वचितच झाला असेल.

१९६३ मध्ये जॉन बोर्डमन यांनी हा खेळ टपालाने सुरू केला. (कॅलहॅमर स्वतः पुढे इलिनॉयमध्ये पोस्टमन झाले.) समोरासमोर बसून मिटवता येणारा वाद आता पत्रातून मिटेना, नियमाचा शब्दन् शब्द तपासला जाऊ लागला, आणि या नियमात एक पेच होताच.

समजा, इंग्लिश खाडीतलं फ्रेंच आरमार ब्रेस्टचं सैन्य लंडनवर नेतंय. त्याच चालीत वेल्सचं इंग्लिश आरमार खाडीवर हल्ला करतंय आणि लंडनचं आरमार त्याला मदत देतंय. मदत देणाऱ्यावर हल्ला झाला की मदत तुटते. मग सैन्य पोचलं असं धरलं, तर लंडनची मदत तुटते, खाडीतलं आरमार टिकतं, म्हणजे सैन्य पोचतंच. नाही पोचलं असं धरलं, तर मदत शाबूत, आरमार हटतं, म्हणजे सैन्य पोचत नाहीच. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर!

१९७१ च्या नियमपुस्तिकेने निकाल दिला: कॉन्व्हॉयने आलेल्या सैन्याला, त्याच कॉन्व्हॉयवरच्या हल्ल्याला मिळणारी मदत तोडता येत नाही. ब्रेस्टचं सैन्य ब्रेस्टमध्येच राहतं.